थ्री नॉट थ्रीचा धक्का

चहा राहू दे, आधी आयक. मले तं अजूनई राग येते. सौसरले आमच्या कॉलेजचा रायफलचा कॅम्प होता. पोरायले जड गोळीची थ्री नॉट थ्री, आमा पोरीले हलकी टू टू. टारगेट मात्र दोघायले सारखंच दूर.

नेमबाजी शिकवणारा उस्ताद म्हणे, "थ्री नॉट थ्रीच्या धक्क्यानं पोरीचा खांदा निखळते."

सकाळभर आमच्या हलक्या गोळ्या वारा बाजूले नेत होता. मी तसं सांगतलं, तं म्हणे, "नेम नाई अन् वाऱ्याले दोष देऊन राहिली!"

दुपारी मी भांडून थ्री नॉट थ्री घेतली. कापसाचे गठ्ठे वाहलेला खांदा माहा, धक्का खाल्ला पण हालला नाई. पाचही गोळ्या बरोबर मधात.

उस्ताद म्हणे, "वाऱ्यानं साथ देली तुले."

मी म्हटलं, "मंग सकाळी हाच वारा कुठं मेला होता?"