दसऱ्याचं अपडेट

आम्हा आयटीवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं बघ. अपडेटनंतर कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की म्हणायचं, "आम्ही तर हातही लावला नाही." ते खोटंही नसतं. जासईच्या कंटेनर यार्डातले सगळे कॉम्प्युटर मी पनवेलच्या ऑफिसात बसून सांभाळतो.

गेल्या दसऱ्याला यार्डाला सुट्टी होती, म्हणून मुद्दाम तोच दिवस अपडेटसाठी धरला. बघतो तर माझ्या स्क्रीनवर तिथलं एकही मशीन दिसेना! यार्डाचे मॅनेजर ठाकूरकाका, त्यांना फोन लावला.

"पूजा करून बंद केलीत सगळी," काका म्हणाले. "आज मशीनला हात लावत नाय आमी."

"काका, तुम्ही नुसती चालू करा. बाकी मी इथून करतो. हात कोण लावतंय?"

काका म्हणाले, "मागच्या अपडेटनंतर माझा प्रिंटर बंद पडला, तेव्हा पण तू हेच बोललेलास."

मी सारवासारव करायला लागलो, तर काकांनी मध्येच अडवलं.

"अरे, हात न लावता जर येवढं होतं, तर मग हात लावणं म्हणजे काय रे?"

अपडेट दुसऱ्या दिवशी टाकलं. त्याआधी काकांना फोन करून सांगितलं, "काका, आता हात लावतोय."