बुंदीवरची सही

...न्हाई, पण मला एक सांगा, ग्रामसभेला मान्सं येत न्हाईत यात माझा काय दोष? मी तर येतो! दर बारीला येतो! आन माझीच नात वढा वलांडून अंगणवाडीत जाती... का? तर म्हनं सहभाग वाढला पायजे!

तुमाला सांगतो, आमचं गाव ओतूरच्या अलीकडं. वस्ती सगळी वढ्याच्या अल्याड, आन अंगणवाडी बांधायची निघाली पल्याड! पूल? पूल न्हाई वो! मी सभेत उठलो, म्हनलं, "भाऊसाहेब, चार वर्साची पोरं वढा वलांडनार कशी?" भाऊसाहेब म्हंजे आमचे ग्रामसेवक, बोलायला लई ग्वाड. म्हनले, "कुशाबा, मुद्दा चांगलाय, पर कोरम न्हाई. सभा तहकूब!" कोरम कुठला? सभेला मी, शिपाई, आन सावलीला आलेलं एक कुत्रं. त्यात तालुक्याचं पत्र आलेलं, गावच्या निर्णयात किती टक्के लोकं भाग घेत्यात ते कळवा! टक्के कुत्रं धरून काढायचं का सोडून? सहभाग वाढला पायजे, राव!

मंग आला सप्ता. काल्याचं कीर्तन झालं, पंगती बसायला लागल्या, आन मांडवाच्या दारात भाऊसाहेब रजिस्टर घिऊन हुबे! "सही करा नाना, बसा. अंगठा द्या मावशी, बसा." कशाची सही, इचारलं कुनी? अवो, म्होरं बुंदी, मागून रांग ढकलतीया, कोन वाचतंय! मला वाटलं, किती मान्सं जेवली ते लिवीत असतील. केली सही. झोकात केली! वर बुंदी दोनदा मागितली!

आठ दिसांनी पल्याड जेसीबी! मी तावातावानं हापिसात. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं, "ग्रामसभेत सर्वानुमते मंजूर. ही तुमची सही." माझीच वो! बाजूला कुना वाढप्याचं तुपाचं बोट! म्हनलं, माझी हरकत हाये. "लेखी द्या." दिली. तर गडी खूश, "वा कुशाबा, लेखी हरकत! ही बी सहभागात धरतो!" आता काय करावं मान्सानं? बोललं तरी सहभाग, भांडलं तरी सहभाग! रुसून घरात बसलो, तर आमची कारभारीन चिमाबाई म्हनती, "तुमचं रुसनं कोन मोजतंय?" त्ये बी खरंच!

आता अंगणवाडी झाली. रंग दिला, भितीवर हत्ती काढला. पूल न्हाई. मग रोज सकाळी नात हर्षाली माझ्या खांद्यावर, पानी मांडीला, खाली दगडं शेवाळलेली... हसू नगा, मला लई भ्या वाटतं. पाय घसरला तर पोर कुठं धुंडू?

काल मधोमध पोचलो, तर काठावर भाऊसाहेब, मोबाईल वर धरलेला! "कुशाबा, हलू नगा! लोकेशन यिऊ द्या!" म्हनलं, फोटू कशाचा? "लोकसहभागाचा! अंगणवाडीसाठी आजोबांचं श्रमदान! तालुक्याला पाठवायचाय!" शिवी पार व्हटावर आलती... पर खांद्यावर पोर. पुढं जावं तर पायाखाली शेवाळ, मागं फिरावं तरी शेवाळ. ऱ्हायलो हुबा. आन वरून नात म्हनती, "आबा, हसा की!"

...हसलो, राव.