पाटीवरचं बर्णबा

—आ करा, अजून मोठा — आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून विचारलंत ते बरं केलंत, बर्णबा म्हणजे काय, हे कोणी विचारतच नाही हो, दात काढून घेतात आणि पळतात. जीभ आत. तर ऐका. अरामी भाषेत बर म्हणजे मुलगा — पुढच्या अर्ध्यावर पंडित अजून भांडतात, भांडू देत, बायबलात अर्थ दिलाय तो आम्हाला पुरे: धीराचा मुलगा. आता धीर नावाचा कोणी बाप असतो का? नसतो! त्या माणसाचं मूळ नाव योसेफ. बर्णबा हे प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, त्याला ठेवलेलं. ही दुखते? नाही? मग ही? — आणि पठ्ठ्यानं नाव सार्थ केलं. तो शौल — ज्याला पुढे पौल म्हणाले — आधी ह्यांच्याच मुळावर उठलेला; सुधारून आला तरी विश्वास कोण ठेवणार? सगळे चार हात लांब. बर्णबानं मात्र त्याला बरोबर घेतलं आणि सरळ आत नेलं. एवढंच. पण एवढं तरी कोण करतं?

माझ्या बापानं केलं. म्हणजे — सावत्र. हे मी पेशंटना सांगत नाही, पण तुमच्या तोंडात आरसा आहे, तुम्ही कुणाला सांगणार! आईनं दुसरं लग्न केलं तेव्हा मी त्या माणसाच्या हाताला कडकडून चावलो होतो — हो, दातांशी माझं नातं जुनंच. नळ दुरुस्त करायचा तो. शाळेत नाव घालायला गेलो, बाईंनी आडनाव विचारलं, आई खाली बघायला लागली, आणि हा, त्याच हाताला पट्टी बांधलेली, म्हणतो कसा — "माझं लावा की, एवढा विचार कसला?" झालं. मी बर्णबा झालो.

आता मला एकुलती एक मुलगी. तिनं स्वतःच जमवलंय, मुलगा भेटायला येईल म्हणते कधीतरी. येऊ दे बापडा. पण लग्न झालं की ही आडनाव बदलणार, आणि त्या नळवाल्याचं नाव माझ्यापाशी संपणार. तिच्यापुढे बोलत नाही मी, बापानं हट्ट करू नये — पण जीव तुटतो हो, खरंच तुटतो. — अहो, पण दुखतंय कुठे नक्की? वर ठीक, खाली ठीक, हिरड्या गुलाबी… सगळी बत्तिशी ठणठणीत आहे तुमची! मग दाढ दुखते म्हणून इथे कशाला—

थांबा. तुम्ही… तो? मान हळू हलवा, लागेल. तोच? अरे देवा, आणि मी तासभर बडबडतोय! घ्या, काढला आरसा, बोला आता.

काय? …कोण लावणार? तुम्ही? म्हणजे ती नाही बदलणार, वर तुम्हीच बर्णबा लावणार? अहो, लोक हसतील. …हसू देत?

…

चूळ भरा. काही नाही झालं मला, चूळ भरा म्हटलं ना. आणि ते 'डॉक्टर, डॉक्टर' बंद कर आता. जा, बाहेरच उभी असेल ती लबाड — तिला आत पाठव.