साहेबाची वजडी

(लेटरकेनी, आयर्लंड, जानेवारी २०२१. लॉकडाऊनमुळे डॉक्टर मुलाकडे अडकून पडलेले आईवडील जेवणाच्या टेबलाशी.)

अभिजित : आई, तूही घे की. आमच्या वॉर्डातल्या स्कॉटिश नर्सनं मुद्दाम करून दिलंय, बाबांनी हॅगिस हॅगिस करून माझं डोकं खाल्लं म्हणून.

चंद्रहास : खाणारच! जन्मभर सोलापुरात पोरांना इंग्रजी शिकवताना याच्यावरच्या कविता समजावल्या मी. चक्क मुजरा करतात रे पदार्थाला! कथा-कादंबऱ्यांत परदेशी गेलेला स्कॉट याच्या आठवणीनं रडतो. आणि आज प्रत्यक्ष ताटात. वा!

वसुधा : कशाचं असतं हो हे?

चंद्रहास : मेंढीचं काळीज, फुप्फुस बारीक करायचं, ओट्स, कांदा, मिरी घालायची आणि तिच्याच पोटाच्या पिशवीत शिजवायचं. गरिबांचं अन्न, पण थाट बघ!

वसुधा : म्हणजे आमची वजडीच की.

चंद्रहास : छे, भलतंच काय! याला परंपरा आहे, साहित्य आहे.

वसुधा : आणि आमच्या वजडीला नुसता वास, होय ना?

अभिजित : काय झालं आई?

वसुधा : तुझ्या वेळी मला वजडीचे डोहाळे लागले होते. यांनी घरात कधी शिजवू दिली नाही. अण्णांना कळलं, तसे बार्शीहून डबा घेऊन आले. स्वतः धुऊन, स्वतः शिजवून. यांनी दारातूनच परतवून लावलं. ‘असली घाण माझ्या घरात नको’ म्हणाले, माझ्या बापाच्या तोंडावर!

चंद्रहास : अगं, प्राचार्य बसले होते आत! काय म्हणाले असते?

वसुधा : काय म्हणणार? लेकीला भेटायला बाप आलाय, म्हणाले असते.

अभिजित : पण आजोबा आपल्याकडे जेवायचे नाहीत, ते पथ्य होतं म्हणून ना?

वसुधा : कसलं डोंबलाचं पथ्य! यांची अब्रू झाकायला मीच तसं सांगायची. मला वाटायचं, यांना खरंच वास सोसत नसेल. आज बघते तर बोटं चाटतायत! वासाचं काही नव्हतंच. आमचं होतं म्हणून घाण होतं. फसवलंत तुम्ही मला.

चंद्रहास : एका डब्याचं किती ताणशील? टाकून दिला असेल त्यांनी, संपलं.

वसुधा : टाकला नाही. एसटी स्टँडवर बसून एकट्यांनी खाल्ला. लेकीसाठी केलेलं टाकवेना त्यांना.

अभिजित : बाबा...

चंद्रहास : बरं बाई, चुकलं म्हण. बस आता, गार होतंय.

वसुधा : तुम्ही जेवा. मला आज तुमच्या पंगतीला बसवत नाही.