कामोठ्यात अडकलेला पेशंट

हसू नका, पण मॉक ड्रिल म्हटलं की मी अजून आधी पेशंटच्या कपाळाला हात लावून बघते. साथ आली तर आमचा पनवेलचा दवाखाना किती तयार आहे, हे बघायला परदेशी पाहुणे आले होते. आमचाच एक क्लार्क अकरा वाजता तापाचा पेशंट बनून येणार होता.

बरोबर अकराला वीटभट्टीवरची एक बाई आली. हातावर पुरळ. मला वाटलं, आमच्या डॉक्टरसाहेबांनी ऐनवेळी पेशंट बदलला, आणि मेकअप तरी काय केलाय! पाच मिनिटांत तिला वेगळ्या खोलीत नेलं. रक्त घेताना तिच्या हाताचा चटका बसला, तरी म्हटलं, उन्हातून आली असेल. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात क्लार्कचा फोन. "सिस्टर, मी कामोठ्यातच अडकलोय. जरा थांबा!"

मी फोन ठेवला आणि त्या खोलीकडे धावले. चांगले पीपीई किट आम्ही खऱ्या साथीसाठी कपाटात जपून ठेवलेले. माझ्या अंगावर ड्रिलचं होतं, पाठीत फाटलेलं.

दारातूनच विचारलं, "बाई, ताप कधीपासून?"

"तीन दिस झाले, ताई. रोज तुमच्या रांगेत बसते नि परत जाते, नंबरच लागत नाय. आज कशी तुमी लगेच आत घेतलीत?"