हवेत गॉगल काढायचा नाही

हॅलो? … हॅलो, कोण? … मर्ल, तू होय! थांब जरा, हात पिठाचे आहेत माझे. रविवारी चर्चच्या जेवणाला नूडल्स न्यायचेत, तेच लाटतेय… हं, टाकला स्पीकरवर. नाकाने दाबला. बोल.

… कुठला फोटो? … पप्पांचा? तुझ्या विमानाच्या हँगरमधला? … मी कशाला घरी आणू तो? चाळीस वर्षं टांगलाय तिथे, बरा आहे की. तुझ्या विमानावर लक्ष ठेवतोय म्हातारा… काय म्हणालास?

… परत बोल.

… विकलंस? विमान विकलंस? मर्ल, डोकं ठिकाणावर आहे ना? … कुणाला? … स्टॉफर? तो पलीकडच्या गोठ्यातला, दूधवाला? … आज? चारला येतोय? अरे, साडेतीन वाजून गेले! आणि हे तू मला आत्ता सांगतोस? सख्ख्या बहिणीला? मी डेटनहून आत्ता निघाले तरी तासभर लागेल!

… नाही, ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे. … बरं, ओरडतेय. पण का? का विकलंस ते तर सांग.

… डोळे?

… डोळ्यांना काय धाड भरलीय तुझ्या? परवा माझ्या फ्रिजमधल्या अंड्यांच्या खोक्यावरची तारीख तूच वाचून दाखवलीस. वर म्हणालास, लव्हॉन, ही आता फेक. मला चष्मा लावूनही दिसली नव्हती.

… हं… हं… म्हणजे जमिनीवर सगळं नीट दिसतं? आणि हवेत गेलास की? … काळं? सगळंच काळं? … अच्छा, ती स्क्रीन काळी. एप्रिलमध्ये वेग-उंची दाखवणाऱ्या जुन्या गोल घड्याळांच्या जागी बसवलीस ती. … अरे, मग स्क्रीन बिघडली असेल! … मेकॅनिकने दोनदा तपासली? त्याला स्वच्छ दिसते, आणि तुला काळी? … हो, हो… ऐकतेय… आणि आणखी काय?

… समोरच्या काचेवर डाग? कसले? … रंगीत? तेल सांडल्यावर पाण्यावर येतात तसे?

… मर्ल, डॉक्टरकडे का नाही गेलास? … हो, पण… ऐक ना… हो, डॉक्टरने कागदावर लिहिलं की लायसन्स जातं, ते कळतं मला. पण म्हणून त्याने लिहायच्या आधी आपणच आपलं विमान विकून मोकळं व्हायचं?

… 

… हो. माहीत आहे. पप्पांचे डोळे गेले तेव्हा तेही एकाहत्तरच वर्षांचे होते.

… मला नको सांगूस रे, मीच होते ना त्यांच्याजवळ. अकरा वर्षं दारातल्या खुर्चीत बसून राहिले. वरून विमान गेलं की नुसत्या आवाजावरून नाव सांगायचे. आणि मी म्हणायचे, बरोबर पप्पा, तेच आहे. खरं तर मला कुठे काय कळत होतं… तू का नाही बोललास मला? दीड महिना एकटाच हे पोटात घेऊन हिंडतोयस? वेडा कुठला.

… थांब, हात धुते आणि फोन कानाला लावते. तुझं नाक वाजतंय का फोनमध्ये खरखर आहे, कळत नाही.

हं. आता मला नीट सांग. घाई नको. एप्रिलमध्ये स्क्रीन बसवलीस तेव्हा पहिल्यांदा उडालास. तेव्हा दिसत होती? … लख्ख दिसत होती. बरं. आणि काळी कधीपासून? … मे. मेच्या कितव्या आठवड्यापासून? … वाढदिवसानंतर. तुझ्या वाढदिवसानंतर…

… काही नाही. विचार करतेय.

मर्ल, उडताना कुठला गॉगल घालतोस रे तू?

… मी दिलेला?

… रोज? विमानात पाय ठेवायच्या आधीच? … आणि तुझा तो हिरव्या काचांचा, पप्पांच्यासारखा? … खणात ठेवलास. का? … मी इतक्या प्रेमाने दिला म्हणून.

… नाही, आहे मी. खुर्ची ओढून घेतली. बसते जरा.

त्याची डबी आहे का जवळ? … वाच बघू, झाकणाच्या आत काय लिहिलंय. बारीक आहे. … हो, वाच ना… हं… पुढे… पोल… राइज्ड.

अरे देवा.

… मर्ल, मी माती खाल्ली. … हसू नकोस, ऐक! नाही, हस. हसच तू. अडतीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी होते. दुकानाजवळच्या विमानतळावरचा जो कोणी यायचा त्याला पढवायचे, बाबा, तळ्यावर मासे धरायला हा घे, गाडी चालवायला घे, पण विमानात नको. आणि सख्ख्या भावाच्या सत्तराव्… एकाहत्तराव्या वाढदिवसाला नेमका तोच उचलला! सगळ्यात महाग होता म्हणून! छान दिवे लावले मी.

… अरे, म्हणजे असं की, ती काच आडवी चमक कापते. कुंपणाच्या उभ्या फळ्या असतात ना, त्यांच्या फटीतून उभी काठी जाते, आडवी अडकते. तसं. आणि तुझ्या त्या स्क्रीनचा उजेड नेमका अडकणाऱ्यातला. म्हणून काळी. आणि समोरचे रंगीत डाग, ते विमानाच्या प्लास्टिकच्या काचेतलेच. उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत, या गॉगलमधून दिसतात.

… नाही, तुझी समजूत काढत नाहीये मी. माझ्यावर विश्वास नाही ना तुझा? बरं. पण मला एक सांग, वर असताना एकदा तरी गॉगल काढून बघितलास का? एकदा?

… का नाही?

… हो. हो. बरोबर. “हवेत गॉगल काढायचा नाही.” जेवायला बसलं की पप्पांचं हेच. आपल्या डेटनच्याच विमानांच्या मैदानावरून तो वैमानिक उडाला, इतका वर गेला, आणि गॉगलवर बर्फ जमलं म्हणून क्षणभर वर केला तर बुबुळंच गोठली. मटारचे दाणे संपेपर्यंत तीच गोष्ट. मला स्वप्नं पडायची त्याची. पण मर्ल, तो तीस हजार फुटांच्या वर होता, उघड्या विमानात! तू तीन हजारावर, दार लावून, हीटर चालू करून मक्याची शेतं बघत फिरतोस!

… हो बाबा, पप्पांचा अपमान नाही करत. पप्पांच्या वेळचे गॉगल चांगलेच होते. थेंबासारखी खाली ओघळलेली काच, म्हणजे नजर खालच्या घड्याळांवर गेली तरी डोळा झाकलेला. दांडी बारीक, सरळ, चामडी टोपीखाली सरकणारी. सगळा विचार करून बनवलेले. आणि काच नुसती हिरवी, माझ्यासारखी आगाऊ नाही.

आता ऊठ. कुठे आहेस? … हँगरमध्येच? मग चढ विमानात. … चढ म्हणते ना! स्टॉफर यायला दहा मिनिटं आहेत. … गुडघा दुखतोय? विमान विकताना नाही दुखला तो?

… बसलास? स्क्रीन लाव. … घाल माझा गॉगल. … काय दिसतं?

… काळी. शाई ओतल्यासारखी. बरं. घाबरू नकोस. आता मान वाकडी कर. … अरे, कोंबडी बघते ना आपल्याकडे एका डोळ्याने, तशी. कान खांद्याला लाव. … आणखी… आणखी…

… मर्ल?

… मर्ल, काय झालं? बोल ना!

… आली? दिसली? … आकडेसुद्धा? … सरळ झालास की जाते, वाकलास की येते! हो, हो, हो! आता काढ गॉगल. … काढ रे, जमिनीवर आहेस तू! पप्पा काही म्हणणार नाहीत, भिंतीवर आहेत ते.

… सांग काय दिसतंय. … नाही, नुसतं “सगळं” नको. मी काउंटरवरची बाई आहे, मला वाचून दाखव. खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं. … हं… हं… समोरच्या काचेवर डाग? … एकही नाही. दाराबाहेर काय दिसतंय? … कुंपण. कुंपणाच्या तारेवर? … दोन पक्षी. कसले? … पंखावर लाल ठिपका दिसतोय? इथून, म्हणजे तिथून? मर्ल, तो ठिपका मला हातावर पक्षी बसला तरी दिसायचा नाही रे…

… हसतोयस की रडतोयस? … मी? मी नाही. कांदा चिरतेय. … बरं, नाही चिरत.

… काय? कसला आवाज? … आला? त्याचा ट्रक? बरं, मग सांग त्याला, नाही विकायचं. … म्हणजे काय? … हात मिळवलाय. हात मिळवला म्हणून विमान द्यायचं? … हो, शब्द दिला की दिला, मीही त्याच घरात वाढलेय. पण तो शब्द तू डोळे गेले म्हणून दिलास, आणि डोळे गेलेले नाहीत! … नाही तोंड उघडत तुझं? मग दे त्याला फोन. … दे म्हणते ना.

… नमस्कार मिस्टर स्टॉफर. मी लव्हॉन, मर्लची मोठी बहीण. गाई कशा आहेत? … छान. हे बघा, एक अडचण झालीय, आणि चूक सगळी माझी आहे. मर्ल तुम्हाला विमान देईल. दिलेला शब्द मोडायचा नाही तो, मेला तरी. म्हणून मीच विचारते. तुम्ही त्याला त्या शब्दातून मोकळं कराल का? … कारण? कारण त्याला दिसतंय हो. नीट दिसतंय. मी त्याला भलताच गॉगल दिला, आणि माझा भाऊ दीड महिना आपण आंधळे होतोय म्हणून निरोप घेत बसला होता.



… काय म्हणालात? … अहो, मोठ्याने हसू नका, तो बावरेल. … खरंच? तुम्हाला उडवताच येत नाही? मग घेत कशाला होतात? … असं. घेतलं की मर्लच शिकवेल, असं वाटलं होतं. आणि तो म्हणाला, मी आता कुणाला काय शिकवणार… मग शिकवेल की आता! विमान त्याचं, इंधन तुमचं. चालेल? … चालेल म्हणताय? आजच? … देव तुमचं भलं करो मिस्टर स्टॉफर. रविवारी नूडल्स खायला या. … नाही नाही, यायचंच.

त्याला सांगा, खणातला हिरवा घाल म्हणावं. … कुठे गेला तो? काय करतोय? … पुसतोय? काय, विमानाची काच?

… डोळे.

बरं, बरं. पुसू द्या. घाई करू नका त्याला. … ठेवते हं.