शेवंताबाईंनी ती जाडी कादंबरी वाचली

मंडळी, वाचनालयाचे सभासद, विहारातल्या सगळ्या ताया, आणि शेवंताबाईंच्या घरची माणसं,

आपण कशासाठी जमलोय ते मी सांगायला नको. सोमवारी सकाळी शेवंताबाई गेल्या. वीस वर्षं मी या वाचनालयाची कपाटं सांभाळतोय. वीस वर्षं मी तुम्हा लोकांवर ओरडतोय, "बोलू नका, बोलू नका." आज मला म्हणतात, परब, तुम्ही बोला. पण एक आधीच सांगतो. मी रडायला उभा नाही. शेवंताबाई जिंकल्या कशा, ते सांगायला उभा आहे. आणि जिंकल्या कुणावर? माझ्यावर.

बाहेरून आलेल्यांना माहीत नसेल. शेवंताबाई मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. रोज विक्रोळीहून बस, आठ तास उभं राहून काम, परत बस. शिक्षण चौथी. पण वाचायला बसल्या की ऐकत राहावं! वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचतात, तो बाईच वाचायच्या. बाया पांढरी साडी नेसून, हात जोडून ऐकायच्या. मध्ये कुणी हूं की चूं करायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी असाच वर्षावास संपला आणि बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "परबभाऊ, वाचायची सवय लागलीय. आता संध्याकाळ खायला उठते. तुमच्याकडची सगळ्यात जाड गोष्ट द्या ना."

सगळ्यात जाड कोणती? आपली जाडी! तिला दुसऱ्या नावानं इथे कुणी ओळखत नाही. चारशे ऐंशी पानं. गोष्ट काय, तर एक म्हातारा मरायला टेकलेला. गावोगावी तारा जातात, सगळे नातेवाईक येतात, आणि म्हातारा मरेना. एवढ्या लांबून आलेले लोक तसेच परत कसे जाणार? म्हणून ते मुक्काम ठोकतात. शेवटी म्हाताऱ्यालाच लाज वाटायला लागते. आणि लिहिलंय कसं? एक वाक्य सुरू झालं की अडीच पानं पूर्णविराम नाही.

मी म्हटलं, "शेवंताबाई, ही नको. हिला डोकं लागतं. भलेभले प्रोफेसर गळपटले."

"तुम्ही वाचलीत?"

"म्हणजे काय! दोनदा."

मंडळी, खोटं. साफ खोटं. बासष्टाव्या पानावर माझी वाट लागली होती. पण वाचनालयवाल्यानं असं कबूल करायचं असतं का? मी आपला सगळ्यांना ऐटीत सांगायचो, मोठी कादंबरी हो, सगळ्यांना नाही झेपत.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कळली नाही तर परत आणून देईन. पण नाही कळणार, हे तुम्ही आधी ठरवू नका." आणि वहीत सही करून घेऊन गेल्या.

पंधरा दिवसांनी कानावर आलं की शेवंताबाईंच्या चाळीत रोज सात वाजता वाचन असतं. मी गेलो बघायला. काय बघतो? गॅलरीत वीस-बावीस बाया बसलेल्या. पांढऱ्या साड्या. स्टुलावर धुतलेलं फडकं, त्यावर आपली जाडी. आणि सगळ्यांचे हात जोडलेले! आता जाड पुस्तक, शेवंताबाईंचा आवाज, संध्याकाळची वेळ. त्यांना दुसरं काय वाटणार? बाई वाचत होत्या, म्हाताऱ्याच्या ताटीला पुढून खांदा कुणी द्यायचा यावरून पुतण्यांची जुंपते, आणि म्हातारा शेजारच्या खाटेवर जिवंत! एक बाई हसेल तर शपथ. दोघी-तिघी पदरानं डोळे पुसत होत्या.

खरं सांगू? मला आत कुठेतरी बरं वाटलं. म्हटलं, बघा, नाही ना कळली!

बाई पाणी प्यायला थांबल्या तसा मी पुढे झालो. तर पानभर पेन्सिलीच्या खुणा. वाचनालयाच्या पुस्तकावर! माझं टाळकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "शेवंताबाई, हे काय आहे? नियम म्हणून काही आहे की नाही?"

त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या दमाच्या खुणा आहेत. पूर्णविराम नाही तर श्वास कुठे घेऊ? ग्रंथ वाचतानाही मी आदल्या दिवशी बघून ठेवते, कुठे थांबायचं ते. ही बसमध्ये बघते."

"ते काही नाही. नियम म्हणजे नियम."

मग बाई उठल्या. मला जिन्यापाशी घेऊन गेल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, बासष्टच्या पुढची पानं कडेला जोडलेलीच होती. छापखान्यातून आली तशी. मी सुरीनं मोकळी केली. कुणाला बोलले नाही."

कळलं ना मंडळी? एकच प्रत, वीस वर्षं माझ्या कपाटात. पानं जोडलेली, म्हणजे माणसाचा डोळा तिथे पोचलाच नव्हता. या बाईला पहिल्याच दिवशी समजलं होतं की परब थापाड्या आहे. आणि ती पंधरा दिवस माझी अब्रू राखून होती. मी मात्र तिच्यावर बावीस बायांसमोर ओरडलो. मी तिथेच जिन्यात बसलो. म्हटलं, "बाई, मी नाही वाचली."

"ते असू दे. मला एक सांगा. मला वाचताना हसू येतं. दाबून धरते. मरणाची गोष्ट आहे, हसलं तर चुकीचं होईल का?"

मी काय सांगणार, कपाळ! म्हटलं, "मला विचारू नका. मी ऐकायला बसतो." आणि बसलो खाली, बायांच्या मागे.

बाईंनी पुढे वाचायला घेतलं. पुतण्यांची मारामारी होते. कुणी कुणाचा सदरा फाडतो. वाक्य संपतच नाही. पण बाई कुठे दमल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. जिथे खूण तिथे श्वास. जे बासष्ट पानांत मला दिसलं नव्हतं, ते सगळं ऐकू यायला लागलं. मग खाटेवरून म्हातारा म्हणतो, "भांडू नका रे पोरांनो, मी दोन खेपा करतो."

इथे खूण होती. बाई थांबल्या. एक श्वास.

आणि त्या एका श्वासात वत्सलाबाई फुटल्या! या बसल्यात पुढे, खाली बघतायत. वर्षच झालं होतं त्यांचे यजमान जाऊन. जोडलेले हात सोडून मांडीवर मारले आणि म्हणाल्या, "अगं बाई गं, आमच्याकडे अस्संच झालं! दोघे दीर भांडले, मेल्यांनी मडकं फोडलं दारातच!" आणि हसतायत, हसतायत, डोळ्यांतून पाणी. मग कोण थांबतंय? सगळी गॅलरी. शेवंताबाईंनी पंधरा दिवस दाबलेलं हसू एकदम बाहेर. वरच्या मजल्यावरून कुणी ओरडलं, काय झालं रे? मी तर लोळायचा बाकी होतो.

त्या दिवसानंतर हात जोडणं बंद. शेजारच्या चाळीतून माणसं यायला लागली. टीव्हीवर गाणी लागलेली असताना बाप्ये खाली येऊन बसायचे. एक्केचाळीस दिवस. एकही खाडा नाही. शेवटच्या दिवशी, वर्षावास संपल्यावर करतात तशी, बायांनी खीर केली. एका कादंबरीसाठी खीर! तुम्ही ऐकलंय कुठे?

शेवटी म्हातारा मरतो तेव्हा घरात कुणी नसतं. पाहुण्यांना एस्टीवर सोडायला सगळे गेलेले असतात. ते वाचून झालं. शेवंताबाईंनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं. एकच शब्द बोलल्या.

"कळली."

अहो, ती कादंबरी लिहिणाऱ्याला याहून मोठा मान कोण देणार? त्या शब्दानं मला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. आणि तीन वर्षांत ती जोडलेल्या पानांची गोष्ट बाईंनी कुणाला सांगितली नाही. आज मी सांगितली. मोकळं वाटलं.

मंडळी, तेव्हापासून बाईंची ही पाचवी कादंबरी चालू होती. ती निम्म्यावर आलीय. काल बाया मला भेटल्या, म्हणाल्या, थांबवायचं नाही. उद्या सात वाजता वत्सलाबाई वाचणार. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी शेवंताबाईंकडे बसून अक्षरं गिरवली. अडखळतील. अडखळू देत. "हे तुला कळणार नाही" असं माझ्यासारख्या कुठल्या शहाण्यानं तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना सांगितलं असेल, त्यांनी उद्या यायचं. पुढे बसायचं.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. हे मी वाचनालयवाला म्हणून सांगत नाही.

शेवंताबाई, मानलं तुम्हाला. जयभीम.